राज्य गेले, सवयी उरल्या

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे सरकारी नोकर प्रथम घरभाड्याची चौकशी करतो, मग मुलांच्या शाळेची, आणि मग भीतभीत विचारतो, की तेथे आपल्या तोंडाची चव मिळेल काय? ज्वारी मिळते का, गोडा मसाला कोठून आणावा, चक्का कोण देतो, हे प्रश्न दिल्लीपासून चेन्नईपर्यंत मराठी बिऱ्हाडांत एकाच स्वरात विचारले जातात. यात हसण्यासारखे काही नाही. माणूस वेष लवकर बदलतो, परभाषाही कामापुरती शिकतो. जिभेचे वळण मात्र तो सहजी सोडीत नाही. परंतु याहून महत्त्वाचा असा एक प्रश्न असतो आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. सकाळचे फिरणे, बारा नमस्कार, वेळेवरचे आणि बेताचे जेवण, अशी जी शिस्त जुन्या गावी मोठ्या कष्टाने अंगी बाणविली, ती सामानाबरोबर बांधून नेता येते काय? बहुतेकांचा अनुभव असा, की लोणच्याच्या बरण्या सुखरूप पोचतात. शिस्त मात्र वाटेत फुटते.

या प्रश्नाचे उत्तर आपण वैद्याकडे किंवा डॉक्टरकडे मागतो. ते इतिहासाकडे मागण्यास कारण आहे. मराठी माणसांची एक फार मोठी बदली साडेतीनशे वर्षांपूर्वी झाली आणि तीवरून ती माणसे परत आलीच नाहीत. ती बदली तंजावरची. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी, ज्यांना एकोजी असेही म्हणतात, यांनी १६७६ च्या सुमारास कावेरीकाठच्या या नगरीत आपली गादी स्थापन केली. गादीमागे शिपाई गेले, कारकून गेले, पुरोहित आणि कीर्तनकार गेले, तसे आचारीही गेले. १८५५ मध्ये दुसरा शिवाजी पुत्रसंतानावाचून वारला, कंपनी सरकारने गादी खालसा केली आणि सुमारे १८० वर्षांचे राज्य संपले. त्यालाही आता १७० वर्षे होत आली. तरी तंजावर, कुंभकोणम व चेन्नई येथील कित्येक घरांतून एक निराळ्या वळणाची मराठी अजून बोलली जाते आणि त्यांच्या स्वयंपाकघरात मराठी नावांचे पदार्थ अजून शिजतात. इतक्या दीर्घ काळात काय टिकले आणि काय गेले, याचा हिशेब मांडला तर आरोग्याच्या सवयी कशाच्या आधारावर जगतात याचा काही उलगडा होईल असे वाटते.

प्रथम ग्रंथांचा विचार करू. आम्हां सुशिक्षितांची रीतच अशी, की एखादी चांगली सवय लावून घ्यावयाची ठरली म्हणजे आम्ही प्रथम त्या विषयावरचे पुस्तक विकत घेतो. तंजावरात पुस्तकांची वाण कधीच नव्हती. एकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयास रघुनाथ गणेश नवहस्त नावाचा महाराष्ट्रीय पंडित होता. त्याने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. प्राच्यविद्येचे व्यासंगी संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याचा काळ १६७५ ते १७०० च्या दरम्यान ठरविला आहे, आणि १९५६ मध्ये त्याचा पहिला परिच्छेद त्रिवेंद्रमहून छापून निघाला. धान्ये, डाळी, भाज्या, फळे, दूध, दही, तूप, पाणी यांचे गुणदोष त्यात आयुर्वेदाच्या आधाराने सांगितले आहेत. जिलेबीसारख्या पक्वान्नाची कृतीही त्यात आढळते. म्हणजे पथ्याचा विचार करणाऱ्या पंडिताचे लक्ष जिभेच्या कौतुकाकडेही होते, आणि ग्रंथाचे नावच ते सांगते.

पुढे दुसऱ्या सरफोजीच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, राजवाड्याच्या मुदपाकखान्यातील कृती मराठीत लिहून ठेवण्यात आल्या. त्या ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने सरस्वती महाल ग्रंथालयाने छापल्या आहेत. याच राजाने धन्वंतरी महाल स्थापिला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक यांचे जाणकार एकत्र आणले होते. औषधे तयार होत, ती रोग्यांस देऊन त्यांचे गुण पाहिले जात, आणि अनुभवास उतरलेले उपचार तमिळ पद्यांत गुंफले जात. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने ही माला प्रसिद्ध आहे. तीत नेत्ररोगांवर भाग आहे, तसाच मधुमेहावरही आहे. नेत्ररोग्यांची टिपणे तर डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह राखलेली सरस्वती महालात आजही पाहावयास मिळतात.

एवढे ज्ञान एका नगरीत एकत्र झालेले होते. पण ज्ञान हस्तलिखितात शेकडो वर्षे सुरक्षित राहू शकते, सवय तशी राहू शकत नाही. धन्वंतरी महाल राजाच्या उत्साहावर आणि राजाच्या द्रव्यावर उभा होता. आज तो संस्था म्हणून उरलेला नाही, त्याची पुस्तके उरली आहेत. ‘भोजनकुतूहला’तील नियम आज कोणा गृहिणीस मुखोद्गत असतील असे मानण्याचे कारण नाही. तरी तंजावरी मराठी घरातील ताट जिवंत राहिले. ते कशाने राहिले, हे पाहावयाचे म्हणजे ग्रंथालयातून उठून स्वयंपाकघरात गेले पाहिजे.

तंजावरी ताटात ‘रसवांगी’ नावाचा पदार्थ आहे. नाव निखळ मराठी; त्यातील रस मात्र चिंचेचा, आणि वाटण ओल्या खोबऱ्याचे. ‘डांगर पच्चडी’ हा दुसरा. आपल्याकडे उडदाचे डांगर दह्यात कालवितात, तेच हे. फक्त मागे तमिळ ‘पच्चडी’ येऊन बसली आहे. पोळी तमिळ मिठाईच्या दुकानांतून ‘बोळी’ होऊन सर्वांच्या घरी पोचली. जे टिकले त्याचा बारकाईने विचार केला, तर एक गोष्ट ध्यानात येते. देशावरून आलेल्या माणसांनी ज्वारीची भाकरी येथे हट्टाने चालविली नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भात पिकतो. कुरुवै, सांबा आणि तालडी असे त्याचे हंगाम एकापाठोपाठ येतात. तेव्हा त्यांनी भात पत्करला, कोकमाच्या जागी चिंच घेतली, खोबरे वाढविले आणि यांतून आपल्या हाताची चव निर्माण केली. जो पदार्थ दुरून आणलेल्या सामानावाचून होत नाही तो सणावारापुरता उरतो. जो शेजारच्या बाजारातील जिनसांवर होतो तो रोजचा होतो.

या संदर्भात सांबाराची कथा सर्वांच्या ओठांवर आहे. शाहजीराजांच्या (१६८४–१७१२) मुदपाकखान्यात एकदा आमसूल संपले, म्हणून आमटीत चिंचेचा कोळ घातला, आणि पाहुणे म्हणून आलेल्या संभाजीराजांचे नाव त्या पदार्थास पडले, अशी ती कथा. तिला आधार म्हणून एकही समकालीन कागद दाखविता येत नाही, तेव्हा तिला इतिहास म्हणणे योग्य होणार नाही. लोककथा म्हणून मात्र ती मोठी बोलकी आहे. आमसूल संपले म्हणून जेवण थांबले नाही, आणि आमसुलाची वाट पाहत कोणी बसलेही नाही. जवळ जे होते ते घेऊन चूल पेटती ठेवली. सवय टिकविण्याची सारी विद्या या एवढ्याशा कथेत सामावलेली आहे. आपल्यापैकी कित्येकांचा व्यायाम का थांबतो? तर जुन्या गावची टेकडी येथे नाही, जुना आखाडा नाही, जुना सोबती नाही. आमसूल संपले, म्हणून आपण आमटीच बंद केलेली असते.

ताटाची ही गोष्ट घरापुरती झाली. घराबाहेर, अनोळखी माणसांसाठी एखादी सवय कशी बांधता येते, हे पाहावयाचे तर तंजावरच्या छत्रांकडे वळावे लागेल. रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी ठिकठिकाणी अन्नछत्रे बांधली होती. ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र सरफोजीच्या वेळचे आहे. या छत्रांचा कारभार कंपनीने आपल्याकडे न घेता राजाकडे ठेवावा, म्हणून सरफोजीने १८०१ साली रेसिडेंट टॉरिन यास एक पत्र लिहिले. त्यात छत्रांतील व्यवस्थेचे जे वर्णन आहे, ते वाचून आजच्या कोणत्याही कार्यालयीन कारभाऱ्याने मान लवविली पाहिजे.

ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी अशा सर्व वाटसरूंस तेथे शिजविलेला भात मिळे. जे दुसऱ्याच्या हातचे खात नसत त्यांना कोरडा शिधा मिळे. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले, आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई, की कोणी जेवावयाचे राहिले असेल त्याने यावे. आजारी वाटसरूस औषध आणि त्याच्या प्रकृतीस मानवेल असे पथ्याचे अन्न मिळे; तो बरा होईपर्यंत त्याची शुश्रूषा होई. गरोदर स्त्रियांची विशेष काळजी घेतली जाई. अनाथ मुले पंतोजीच्या हवाली केली जात. त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण आणि दर चार दिवसांनी अंगास तेल, असा नेम होता.

दिवसातून तीन वेळा, दर चार दिवसांनी, मध्यरात्रीची घंटा: या शब्दांवर क्षणभर थांबावे असे वाटते. तेल लावण्याचे गुण त्या पोरक्या मुलांना कोणी शिकविले नसतील. शिकविण्याची गरजही नव्हती. दिवस ठरलेला होता, माणूस नेमलेला होता, तेल आणलेले होते. मुलाने मनाशी निश्चय करावयाचे काही शिल्लकच ठेवले नव्हते. आपण चांगल्या सवयीसाठी मनोनिग्रहावर फार भिस्त ठेवतो आणि निग्रह ढळला म्हणजे स्वतःस दोष देतो. छत्राच्या कारभाऱ्याने निग्रहाचा भरवसा धरला नाही. त्याने वेळ नेमली आणि घंटा टांगली.

ज्या राजाने ही व्यवस्था इतक्या आस्थेने सांगितली, त्याच्या स्वतःच्या आयुष्याकडे पाहिले तर ही आस्था कोठून आली असावी याचा तर्क करता येतो. सरफोजी १७७७ साली जन्मला. १७८७ मध्ये तुळजाराजाने त्यास दत्तक घेतले आणि त्याच वर्षी तुळजाराजा वारला. गादीवर अमरसिंग आला. मुलाचे रक्षण करण्याचे वचन तुळजाराजाने जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ याच्याकडून घेतले होते. मुलास वाड्यात कोंडल्यासारखे ठेवले आहे, त्यास शिक्षण मिळत नाही, अशी तक्रार याच श्वार्ट्झने मद्रास सरकारकडे केली, आणि अखेरीस १७९३ मध्ये त्या मुलास मद्रासला हलविण्यात आले. तेथे त्याचे शिक्षण नियमितपणे सुरू झाले. १७९८ मध्ये तो गादीवर बसला, आणि दुसऱ्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. किल्ला आणि भोवतालचा थोडा मुलूख एवढेच त्याच्या हाती राहिले.

ज्याच्याजवळ द्रव्य आहे, मान आहे आणि करावयास काम नाही, अशा राजाचे पुढे काय होते, हे आपल्या संस्थानांच्या इतिहासात पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. गादीवर बसून देह सुटतो आणि बुद्धी मंदावते. सरफोजीचे तसे झाले नाही. १८२६ च्या मार्चमध्ये कलकत्त्याचा बिशप हेबर तंजावरास आला. त्या वेळी राजाचे वय अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. हेबरने त्याच्या विद्वत्तेविषयी लिहिले ते प्रसिद्धच आहे. लाव्हाझिये, लिनियस, ब्यूफाँ यांची नावे राजाच्या तोंडी सहज येत असत. पण त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे, तिकडे आपले दुर्लक्ष होते. हा राजा घोड्याची उत्तम पारख असलेला आणि वाघाच्या शिकारीत हात न कापणारा नेमबाज आहे, म्हणून आसपासचे इंग्रज लष्करी अधिकारी त्यास मान देतात, असे हेबरने नोंदविले आहे. बांधा मजबूत, नाक गरुडासारखे, मिशा पांढुरक्या. वाड्यात कोंडलेल्या मुलाचा हा असा घोडेस्वार झाला, आणि राज्य हातून गेल्यावरही तो घोड्यावरून उतरला नाही. ग्रंथालय, छापखाना, औषधशाळा, छत्रे आणि घोडा यांत त्याचा काळ वाटलेला होता. रिकामा वेळ त्याने रिकामा राहू दिला नाही, हेच त्याच्या शरीराचेही रहस्य असावे.

तथापि राजाची सवय राजाबरोबर जाते. घोडा आणि वाघ प्रजेच्या वाट्यास यावयाचे नाहीत. तंजावरच्या वाड्यातून प्रजेपर्यंत पोचलेला व्यायाम निराळाच आहे, आणि तो फार थोड्या मराठी वाचकांस ठाऊक असेल. त्याचे नाव बॉल बॅडमिंटन. पिसांच्या फुलाऐवजी लोकरीचा छोटा पिवळा चेंडू, त्याचे वजन अवघे २७–२८ ग्रॅम, मध्ये जाळे, आणि दोन्ही बाजूंस पाच-पाच खेळाडू. तंजावरच्या राजघराण्यात हा खेळ १८५६ च्या सुमारास खेळला जात होता, असे या खेळाच्या इतिहासात सांगतात. सालाकडे लक्ष द्यावे. गादी खालसा झाली १८५५ मध्ये. म्हणजे तोफा गेल्या, मोहोर गेली, आणि ज्या वर्षी वाड्यात शोकाखेरीज काही उरू नये, त्या सुमारास अंगणात जाळे बांधलेले होते. पिसांचे फूल वाऱ्याने भरकटते. लोकरीचा चेंडू मोकळ्या मैदानात वाऱ्यास तोंड देतो. मौज अशी, की पिसांच्या फुलाचा खेळ पुण्याच्या छावणीत इतका रुजला, की इंग्रज लोक त्यास काही काळ ‘पूना’ याच नावाने ओळखीत. एकाच खेळाच्या दोन शाखा, आणि दोहोंची नाळ मराठ्यांच्या दोन राजधान्यांशी जोडलेली.

वाड्याचे अंगण सोडून हा खेळ तमिळ, तेलुगु आणि कानडी मुलखांतील शाळांच्या आणि गावांच्या मैदानांवर गेला. १९५४ मध्ये त्याचा अखिल भारतीय संघ स्थापन झाला आणि नंतर राष्ट्रीय स्पर्धा भरू लागल्या. ज्या घराण्यात तो वाढला त्याचे नावही आज खेळणाऱ्या पुष्कळांना ठाऊक नसेल, आणि त्यात खेळाचा विजयच आहे. त्याचा प्रसार का झाला? साहित्य थोडे, जागा मोकळी, आणि मुख्य म्हणजे दहा माणसे लागतात. एकट्याने करावयाचा व्यायाम आळसास सहज बळी पडतो, कारण साक्षीदार कोणी नसतो. संध्याकाळी चार जण अंगणात उभे असले आणि पाचवा आला नाही, तर त्याच्या घरी हाक जाते. छत्रातली घंटा येथे सवंगड्यांच्या तोंडी आलेली आहे.

येथपर्यंतचा इतिहास उत्साहवर्धक वाटेल. परंतु तंजावरच्या हिशेबाची खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. सवय टिकते, ती चांगलीच असते असे नाही. व्यंकोजीबरोबर आलेल्या शिपायाचे ताट घोड्यावर दिवस काढणाऱ्याचे ताट होते. पुढे राज्यच गेले, तेव्हा घोडा गेला आणि दौत आली. तंजावरच्या मराठी कुटुंबांतून कंपनीच्या आणि नंतर इंग्रज सरकारच्या कचेऱ्यांना कर्तबगार अंमलदार मिळाले. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. बदलीवर हिंडणाऱ्या मराठी अधिकाऱ्यांनी ज्यांना आपले पूर्वसूरी म्हणावे असे ते गृहस्थ. घराण्याचा व्यवसाय असा पालटला. सण मात्र तेच राहिले, तूप तेच राहिले, भाताचा ढीग तोच राहिला. जे अन्न शेतात किंवा घोड्यावर खर्ची पडत होते, ते आता खुर्चीवर साठू लागले. आजचे तुमचे-आमचे ताट हे याच वारशाचे आहे. शरीराने वतन सोडले, पण जिभेने सोडले नाही.

अन्नाच्या बाबतीत शेजाऱ्याकडे बोट दाखविण्याची खोड सर्वांस असते, म्हणून येथे एका प्रयोगाचा उल्लेख करतो. निलगिरीतील कुन्नूर येथे डॉ. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९२० नंतरच्या दशकात उंदरांचे गट करून त्यांना हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकांचा आहार दिला. वाढ आणि प्रकृती यांत शीख आहारावरील उंदीर पहिले आले, पठाणी आहारावरील दुसरे, मराठी आहारावरील तिसरे, आणि मद्रासी आहारावरील शेवटचे. या निकालावरून मराठी वाचकाने मिशीस पीळ भरण्याचे कारण नाही. फरक पडला तो सडलेला पांढरा तांदूळ आणि दूध-भाज्यांचा अभाव यांमुळे. म्हणजे दोष गिरणीचा आणि दारिद्र्याचा होता, तमिळ पाकशास्त्राचा नव्हता. उलट तमिळ घरांत परंपरेने चालत आलेला उकडा तांदूळ हा शहाणपणाचा नमुना आहे. साळ उकडताना कोंड्यातील ब जीवनसत्त्व दाण्यात उतरते, त्यामुळे नंतर सडले तरी ते सारे वाया जात नाही. पांढऱ्या तांदळाच्या अतिसेवनाने होणाऱ्या बेरीबेरीपासून यानेच पुष्कळांचे रक्षण केले. तंजावरास बदली झालेल्या मराठी माणसाने बासमतीसाठी जिवाचा आटापिटा करण्यापेक्षा शेजारणीकडून उकड्या तांदळाची रीत शिकणे अधिक शहाणपणाचे.

आता मोठ्या माणसांचे दुखणे अन्नाच्या कमतरतेचे राहिलेले नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आहे, आणि सर्वांत अधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांस आठवड्यास निदान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. रोजचा हिशेब केला तर बावीस मिनिटेही होत नाहीत. कचेरीतल्या चहाच्या दोन फेऱ्यांस याहून अधिक वेळ जातो. तेव्हा प्रश्न वेळेचा नाही आणि माहितीचाही नाही. प्रश्न आहे तो मोडलेली शिस्त नव्या गावी पुन्हा कशी उभी करावी हा.

याबाबत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ९६ जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेक छोटी गोष्ट रोज ठराविक प्रसंगी करावयाची ठरविली. ती आपोआप घडू लागण्यास साधारणपणे ६६ दिवस लागले; कोणास १८ पुरतील, कोणास २५४ लागतील, असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकला तरी फारसे बिघडले नाही, हाही निष्कर्ष ध्यानात घेण्याजोगा आहे. ठराविक प्रसंग हीच येथली किल्ली. छत्रातील मुलांच्या तेलाचा नेम यापेक्षा निराळा नव्हता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालीत आणि त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिले. पण त्यांनी केलेले खरे काम म्हणजे नमस्कार आपल्या संस्थानातील शाळांच्या वेळापत्रकात घातले. राजाचा नेम वेळापत्रकात उतरला, तेव्हा तो पोरांचा झाला.

तंजावरपासून बदलीच्या माणसाने शिकावयाचे ते एवढेच, की सवय मनात ठेवू नये. ती घड्याळात, जागेत आणि माणसांत ठेवावी. नव्या गावी पोचल्यावर पहिल्या आठवड्यात, सामान पुरते लागण्याच्या आधी, फिरण्याची वाट ठरवावी. ताटात त्या मुलखाचे धान्य आणि भाजी घ्यावी. हात आपला असू द्यावा. खुर्ची वाढली असेल तर भात त्या मानाने कमी करावा. पक्वान्न सोडू नये, परंतु ते सणाच्या दिवशी सणासारखे खावे. रघुनाथ पंडितानेही पथ्याच्या ग्रंथात जिलेबीस जागा ठेवलीच होती.

आणि एक विनंती सर्व महाराष्ट्र मंडळांस करावीशी वाटते. परगावच्या प्रत्येक मंडळात गणेशोत्सवाचे जेवण होते, कोजागरीचे दूध होते, दिवाळीचा फराळ होतो, संक्रांतीचा तिळगूळ होतो. वर्षाच्या अहवालात जेवणावळींचा खर्च पानभर असतो, आणि मंडळामागचे मोकळे अंगण वर्षभर ओस पडलेले असते. त्या अंगणात दोन खांब रोवून जाळे बांधावे, आणि लोकरीचा चेंडू आणावा. एका जेवणावळीच्या खर्चात हे सारे सहज बसेल. संध्याकाळी सहा वाजता चौघांनी उभे राहावे आणि पाचव्यास हाक मारावी. दुसऱ्या बाजूस शेजारच्या तमिळ, कानडी, पंजाबी बिऱ्हाडांतून पाच जण बोलवावेत. खेळाचे नियम त्यांतल्या एखाद्यास आपल्याहून चांगले ठाऊक निघतील. तसे निघाले तर त्याच्याकडून शिकावे, आणि हा खेळ कोणत्या वाड्याच्या अंगणातून आला, ते खेळ संपल्यावर पाणी पिताना त्याला सांगावे.